वरची रांग

खडूची भुकटी अंगठ्याच्या रेषांत जाऊन बसली होती – पुसायची तर फडकं ओलं हवं, आणि ओलं करायला पाणी... रंगनाथनं हात तसाच धोतराला पुसला. फळ्यावर इंग्रजीतली मोजता न येणारी नामं होती : वॉटर, मिल्क, सॉल्ट. मागं खुर्चीत शाळेचे चेअरमन आप्पासाहेब पाठ ऐकायला बसलेले. पाठ पसंत पडला तर जूनपासून नोकरी कायम. त्यानं नववीच्या वर्गाला घोकलेलं वाक्य सांगितलं, ‘‘पाणी एक, दोन, तीन असं मोजता येत नाही.’’

‘‘येतं की, सर,’’ पुढच्या बाकावरची मुक्ता उठली. ‘‘सकाळी टँकरवर आप्पासाहेबच मोजत हुते. आमाला घरटी चार हंडे, तुमच्या वस्तीला दोन.’’

वर्ग हसला. आप्पासाहेबही हसले. ‘‘पोरगी लई हुशार हाय. चालू द्या, मास्तर.’’

चालू द्या! काय चालू द्या? रंगनाथची कानशिलं तापली. गावाची रांग वर, वस्तीची खाली. सोळा वर्षांपूर्वी आईनं धम्म घेतला, घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले, आणि तिचा हंडा अजून खालच्याच रांगेत! दुष्काळानं साऱ्या गावाच्या घशाला कोरड पडली, जनावरं छावणीला गेली, माणसं खडी फोडायला गेली, तरी या लोकांना पाण्याची जात तेवढी बरोबर आठवते. याची जनाची नाही तर मनाची तरी...

मनाची? सकाळी आप्पासाहेबांनी टँकरपासून हाक मारली होती, ‘‘मास्तर, तुमी शिकलेले, तुमी वर या. म्हातारी राहू द्या तिथंच. रीत हाय.’’ आणि मी गेलो. आईकडं न बघता, आपला हंडा उचलून गेलो. चार हंडे घेतले. वर ‘उपकार झाले’ असंही म्हणालो – म्हणालो का? म्हणालोच.

‘‘अ ग्लास ऑफ वॉटर,’’ तो पुढं शिकवू लागला. पोरं त्याच्यामागून म्हणू लागली. आवाज रोजच्यासारखाच निघत होता, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप येत होता.

आप्पासाहेब मान डोलवत होते. पाठ पसंत पडलेला दिसत होता. त्यांची इतके दिवस वाटत आलेली भीती मात्र आता कुठं सापडेना. भीती होती ती घरी जाण्याची – आई दारात बसलेली असेल, भाकरी वाढील, आणि सकाळचा एक शब्दही काढणार नाही. तिनं शिव्या दिल्या तर बरं. पण तिला वाईटच वाटलं नसलं तर... तर मी काय करू?