हातावरची सही

अण्णासाहेबांनी खिशातून भिंग काढलं, शर्टाच्या टोकाला पुसलं आणि सगुणाबाईच्या डाव्या हातावर धरलं.

“दाबून धरा की,” सगुणाबाई म्हणाली. “त्या हाताला कायबी कळत न्हाई आता. तोडून नेलात तरी चालंल.”

बोलताना तिचं अर्धंच तोंड हललं. दुसरं अर्धं तीन महिन्यांपूर्वी जिथं थांबलं होतं, तिथंच होतं.

कोपराच्या खाली, आतल्या बाजूला हिरव्या रंगात गोंदलेलं होतं, मनराज. कातडी लोंबली होती, त्यामुळं अक्षरं खाली ओघळल्यासारखी दिसायची. कौस्तुभनं दोन बोटांनी कातडी ताणून धरली. तो वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. मूळचा अकोल्याचा. रोज सकाळी दुचाकीवरनं चांदणी चौकात जायचा आणि तिथनं हिंजवडीला जाणारी कंपनीची गाडी पकडायचा. अण्णासाहेब त्याचे मामा. बँकेत तीस वर्षं चेकवरच्या सह्या पारखल्या, आणि रिटायर झाल्यावर नाद लागला तो सिनेमावाल्यांच्या जुन्या सह्या जमवायचा. म्हणून आज रविवारी कोथरूडवरनं भुकूमला आले होते.

“मामा, फोटो काढू का?”

“थांब. आधी बघू दे.”

रजनी दाराला टेकून उभी होती. सून म्हणून या घरात तिला अठरा वर्षं झाली होती. नवरा पिरंगुटला कंपनीत, आज त्याची दुसरी पाळी. आत्याबाईंना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं सगळं तिच्याकडं. पहिल्या महिन्यात तिला रडू यायचं. आता काहीच यायचं नाही.

“सही कशी मिळाली तुम्हाला?” अण्णासाहेबांनी विचारलं.

“बासष्ट साली धरणावर शूटिंग आलं हुतं. सिनेमातला हिरो मनराज आला म्हणून सगळी गडीमाणसं पळाली. बायांना कोण सोडतंय? मी ह्यांना म्हनलं, मला लुगडं नको, डोरलं नको, तेवढी सही आणा. उभ्या जन्मात मागितलं ते तेवढंच.”

“मग?”

“हे सायकलीवर गेले. दिवेलागणीला आले. कागूद माझ्या हातात दिला आन् गोठ्यात गेले. पानीसुदिक पिले न्हाईत. दमले असतील.”

“तो कागद आहे?”

“सासूनं चुलीत घातला. पन त्याच्या आधीच मी ह्ये करून घेतलं. जत्रा हुती आठ दिसांनी. गोंदणारी म्हनली, मालकाचं नाव घालू? मी म्हनलं, न्हाई, ह्ये घाल.”

“गोंदणारीला वाचता येत होतं?”

“तिला कुटलं येतंय! कागूद बघून चित्रागत काढलं.”

अण्णासाहेब मान हलवत राहिले. भिंग नावाखाली आलं आणि तिथंच थांबलं. नावाखाली एक आडवी रेघ होती. रेघेवर दोन उभे कट. डाव्या टोकाखाली एक टिंब.

“आणि हे?”

“आसंल तिची नक्षी. गोंदणाऱ्या टिंबं देत्यातच.” सगुणाबाईनं छताच्या पत्र्याकडं बघत सांगितलं.

नावाशेजारी कातडीचा एक डाग पांढुरका होता. रजनीला तो माहीत होता. आत्याबाईंच्या सासूनं चुना लावून नाव घासलं होतं. परक्या गड्याचं नाव अंगावर घेऊन आली म्हणून. तेव्हा मामंजींनी आपल्या आईचा हात धरला होता आणि म्हणाले होते, “ऱ्हाऊ दे.” त्या विषयावर ते एवढंच बोलले. पुढं सगळं गाव त्यांना हिरो म्हणायला लागलं, चहाच्या टपरीवर, डेअरीवर, मयतीला गेले तरी. मामंजींनी कुणालाही उलटून शिवी दिली नाही. रजनी मात्र द्यायची. डेअरीच्या टेम्पोवाल्या विलासला तर तिनं एकदा चप्पल दाखवली होती.

“साहेब,” सगुणाबाई म्हणाली, “हात तर गेलाच माझा. त्याच्यावरचं खरं हाय का तेवढं सांगा. मग जळू दे माझ्यासंगं.”

“सांगतो,” अण्णासाहेब उठले. “जरा उजेडात कागद बघतो.”

सगुणाबाईचा नवरा नथू ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. हे लोक आल्यापासून तो आत आलाच नव्हता. धारा लवकर काढून दुधाचा कॅन त्यानं ओट्याच्या कडेला आणून ठेवला होता. समोर, जिथं पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं, तिथं आता पाच मजली बिल्डिंगचे पिलर उभे होते. आज सुट्टी, म्हणून आवाज नव्हता.

अण्णासाहेबांनी फाईल उघडली. प्लास्टिकच्या पाकिटात मनराजच्या तीन सह्या होत्या. एका फोटोवर, एका वहीच्या पानावर, एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर.

“ही वहीतली बासष्टचीच आहे,” ते म्हणाले. “बघा. पेन उचललेलं नाही. म पासून ज पर्यंत एकच ओढ. शेवटाला शेपूट. रोज शंभर सह्या करणारा माणूस अक्षर काढत बसत नाही, फेकतो. आत हातावर काय आहे? चार अक्षरं, चारी वेगळी, सरळ उभी. पाटीवर गिरवल्यासारखी.”

“पण गोंदणारीनं तसं केलं असेल ना, मामा?” कौस्तुभ म्हणाला. “सुईनं ओढ कशी येणार?”

“तिला वाचता येत नव्हतं. वाचता येणारा माणूस सुधारून लिहितो. न येणारा दिसेल तसं काढतो. शेपूट असती तर तिनं शेपूट काढली असती.” त्यांनी फाईल मिटली. “ही सही त्यांची नाही.”

नथूनं तंबाखूवर थाप मारली. धूळ उडाली, ती त्याच्याच तोंडावर आली.

“मग आता आत्याबाईंना काय सांगू मी?” रजनीचा आवाज चढला. “रोज इचारत्यात, रविवार कधी, साहेब कधी येनार. तीन महिन्यात दुसरं काय मागितलं न्हाई त्यांनी. तुमाला एक हो म्हनायला काय हुतंय?”

“वहिनी...” कौस्तुभ म्हणाला.

“तुमी गप बसा. तुमीच आणलंय ह्यांना.”

“बाई,” अण्णासाहेब शांतपणे म्हणाले, “तीस वर्षांत मी खोट्या सहीला खरी म्हटलेलं नाही. आता म्हणता येणार नाही. पण सांगायला मीच आत गेलं पाहिजे असंही काही नाही.”

ते चप्पल शोधायला लागले. मग थांबले, फाईलच्या पाठीवर पेन्सिलनं काहीतरी काढलं आणि कौस्तुभला दाखवलं.

“एक गोष्ट मात्र कळत नाही. ही खालची खूण. ही नक्षी नव्हे. नक्षी दोन्ही बाजूंना सारखी असते. हे टिंब एकाच बाजूला आहे. म्हणजे ही कागदावरच होती. ज्यानं नाव लिहिलं, त्यानंच काढली. हाताची सवय असते एकेकाच्या.”

रजनीनं फाईलकडं बघितलं. आडवी रेघ, दोन कट, डावीकडं टिंब. तीन महिने ती रोज त्या हाताला तेल चोळत होती. पण ती समोर बसायची, हात तिच्याकडं यायचा, आणि सगळं उलटं दिसायचं. सुलटं आज पहिल्यांदा बघत होती.

पहिल्यांदा नाही.

तिची नजर आपोआप ओट्याच्या कडेला गेली. कॅनवर तांबड्या ऑइलपेंटनं खूण होती. डेअरीत शंभर कॅन एकसारखे, म्हणून ज्यानं त्यानं आपली खूण करायची. मामंजींची ही होती. आडवी रेघ, दोन कट, डावीकडं टिंब. कुदळीच्या दांड्यावर तीच, भाताच्या पोत्यावर तीच. डेअरीच्या वहीत सही करतानासुद्धा नाव लिहून झालं की पेन खाली जायचं आणि तेवढं काढूनच वर यायचं. लग्नाच्या आधीपासनंची सवय, असं ते एकदा म्हणाले होते.

तिनं नथूकडं बघितलं. नथू कॅनकडं बघत होता. मग तो उठला, कॅनला गुडघा लावला आणि रेटून फिरवला. थोडं दूध झाकणातनं सांडलं. खूण भिंतीकडं गेली.

अण्णासाहेब चपलेचा पट्टा लावत होते. त्यांनी बघितलं नाही. कौस्तुभनंही नाही.

दोघं गेल्यावर गाडीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत नथू तसाच उभा राहिला. रजनीला खूप काही विचारायचं होतं. मनराजपर्यंत पोचू दिलं नाही का? काठी मारून हाकललं? मग वाटेत सायकल कुठं थांबवली? इतकी वर्षं लोक हिरो हिरो करत होते तेव्हा एक शब्द बोलला असतात तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती की. पण तो शब्द आधी आत्याबाईंना सांगावा लागला असता. तिच्या डोक्यात हे सगळं लागोपाठ आलं.

“तेलाची येळ झाली,” ती म्हणाली.

“आन हिकडं वाटी.”

“तुमी?”

“आन.”

डॉक्टरांनी चोळायला सांगितलं त्या दिवसापासून मामंजींनी त्या हाताला बोट लावलं नव्हतं. रजनीनं तेल कोमट केलं आणि वाटी त्यांच्या हातात दिली. ती मागं मागं आत गेली, दारापाशी थांबली.

नथू खाटेच्या कडेला बसला. समोर नाही, सगुणाबाईच्या बाजूनं, तिच्या खांद्याशी.

“काय म्हनला साहेब?”

“न्हाई म्हनला.”

“काय न्हाई?”

“त्याची न्हाई.”

सगुणाबाईच्या तोंडाकडं बघून काही कळत नव्हतं. एक बाजू तर हलायचीच नाही. दुसरी बाजूही हलली नाही. पंखा कडकड करत फिरत होता. एक माशी वाटीच्या काठावर बसली, नथूनं ती हाकलली नाही.

“मग कुनाची?” ती म्हणाली.

नथूनं तेलात बोटं बुडवली. तिचा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. आधी बोटं चोळली, एकेक. मग तळवा. मग मनगट. त्याचे हात धारा काढणारे होते, दाब बरोबर पडत होता. कोपराकडं सरकत तो नावापाशी आला. तिथं त्याचा अंगठा हळू झाला, पण थांबला नाही. चार अक्षरांवरनं चार वेळा गेला.

“लागतंय का?”

“न्हाई. कायबी न्हाई.”

मग अंगठा खाली उतरला. नथूचं लक्ष तिथं नव्हतंच, तो खिडकीतनं त्या पिलरकडं बघत होता. अंगठा रेघेवरनं आडवा गेला, टोकाला पोचला, परत आला. एक उभा कट. दुसरा उभा कट. मग डावीकडं खाली, जिथं टिंब होतं तिथं, जरासा दाबला.

सगुणाबाई अंगठ्याकडं बघत होती.

“हात बसलाय तुमचा,” ती म्हणाली.

नथूचा हात तसाच राहिला. तेलाचा एक थेंब तिच्या कोपरावरनं गोधडीवर पडला.

“थांबलात कशाला? चोळा की,” सगुणाबाई म्हणाली आणि मान पलीकडं वळवली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. रजनी चप्पल पायात सरकवून ओट्यावर आली. विलास खाली उतरून कॅनपाशी उभा होता.

“ओ वहिनी, कॅन कुनाचा हाय ह्यो? खूण दिसंना.”

रजनीनं दोन्ही हातांनी कॅन धरला आणि फिरवला. खूण रस्त्याकडं आली. सांडलेल्या दुधात तिचे पाय भिजले, ते तिला नंतर कळलं.

विलासनं कॅन उचलला. मग तिची चप्पल पायातच आहे ना, हे बघून हसला.

“आन् हिरो कुटं गेला आज?”

रजनीनं मागं दाराकडं बघितलं.

“हाय की घरात,” ती म्हणाली. “बायकोपाशी बसलाय.”