आणखी एक ऊन

मित्रांनो, तिवशाजवळच्या एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये खडखड करत उभी असलेली मी एक जुनी दालमिल आहे. खडखड म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. तुमच्या ताटातलं वरण माझ्यासारखीच्याच पोटातून येतं.

माझा जन्म अकोल्याचा. कुर्बान मिस्त्रींनी आपल्या वर्कशॉपमध्ये मला घडवलं. पहिल्या मालकाकडे मी वीस वर्षं तुरीची डाळ केली. दसऱ्याला मला हार मिळायचा, पेढाही लावायचे तोंडाला. मग त्याने मोठी मशीन घेतली आणि मी पुन्हा मिस्त्रींच्या अंगणात येऊन पडले. कोंबड्या माझ्या चाळणीत अंडी घालू लागल्या. राग यायचा फार, पण सांगते कुणाला!

एक दिवस तिथे दामिनी आली. अकोल्याच्या मोठ्या मिलमध्ये ती डाळ निवडायची मजुरी करायची आणि तिला एकच ध्यास होता, गावात स्वतःची दालमिल टाकायची. बँकेच्या साहेबांनी तिला परत पाठवलं होतं. नव्या मशीनलाच कर्ज मिळतं आणि त्यातही स्वतःचा हिस्सा आधी भरावा लागतो. तो हिस्सा तिच्याकडे नव्हता.

"चाचा, ही जुनीच द्या. आधी काम करून दाखवतो, मंग बँकेले पुन्हा विचारतो," ती म्हणाली.

मिस्त्री हसले. "घेऊन जा बेटी. पाडव्यापर्यंत चालली तं पैसे दे. नाही चालली तं वापस आण, मी भंगारात तोडतो हिले."

मित्रांनो, माझ्यासमोर बोलले हो ते. आता तिचा धंदा आणि माझा जीव एकाच दोरीला बांधला गेला.

गावात आल्यावर पहिलं गिऱ्हाईक मैनाबाई. चार म्हशी आणि गावभर चालणारी जीभ, ही तिची इस्टेट. तुरीला तेल-पाणी लावून तीन उन्हं द्यावी लागतात, तेव्हा कुठे साल सुटतं. पण दामिनीने बँकेत पुन्हा विचारलं होतं आणि साहेब पाहणीला सोमवारी येणार होते. त्यांना चालती मिल दिसावी म्हणून दामिनीने दोनच उन्हं दिली आणि तूर माझ्यात ओतली. मी काय करणार? निम्मे दाणे न फुटता तसेच बाहेर पडले. अशा अख्ख्या दाण्यांना आमच्याकडे गोटा म्हणतात. साहेबांनी तो गोटा पाहिला आणि "बघू" म्हणून निघून गेले.

"हे दाळ हाय काय वं? अशीनं कोण येईन तुह्याकडे?" मैनाबाई भर चौकात बोलली. आठ दिवस कुणी फिरकलं नाही. दामिनी माझ्या पट्ट्याजवळ बसून रडली. मलाही वाईट वाटलं.

पण रडून झाल्यावर उठली. तो सगळा गोटा तिने पुन्हा अंगणात पसरला, त्याला तिसरं ऊन दिलं. मग माझ्यात घातला आणि काय सांगू, दाणा न् दाणा फुटला! डाळ घेऊन ती मैनाबाईकडे गेली. मजुरी घेतली नाही. वर चुनीचं पोतंही दिलं. चुनी म्हणजे सालं आणि तुकडे, म्हशींचा आवडता खुराक. ती गिरणीवाल्यानेच ठेवायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज.

"हे काहून आणलं?" मैनाबाई.

"तूर तुमची तं चुनीबी तुमचीच."

झालं! ज्या जिभेने बदनामी केली, तीच आता डांगोरा पिटू लागली. शेडपुढे पोत्यांची रांग लागली. कुठे भंगार आणि कुठे मी! पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

दामिनी पुन्हा बँकेत गेली. "साहेब, अजून एक डाव येऊन पाहा."

साहेब आले. डाळ मुठीत घेऊन त्यांनी निरखली. "काम चांगलं आहे. पण तुमच्या हिश्शाचं काय?"

तेवढ्यात रांगेतून मैनाबाई पुढे आली. "आमी एकवीस जणी हावो साहेब. पुढच्या हंगामाची मजुरी आमी आताच देऊन राहिलो. हा घ्या तिचा हिस्सा."

आठ दिवसांत मंजुरीचा कागद आला.

पाडव्याला कुर्बान मिस्त्री टेम्पो घेऊन हजर. दामिनीने त्यांच्या हातावर माझी किंमत ठेवली आणि म्हणाली, "चाचा, टेम्पो रिकामाच न्या." मिस्त्रींनी डोळे पुसले, मग मला तेल पाजलं आणि पुरणपोळी खाऊन गेले.

आज माझ्या शेजारी नवी मशीन आहे. चकचकीत आहे, झपाट्याने काम करते. पण तिच्यातूनही थोडा गोटा निघतोच. तो दामिनी अंगणात पसरते आणि मग माझ्याकडे आणते. ते काम माझंच.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. पहिल्या फेरीत जो दाणा फुटला नाही, त्याला फेकू नका. मशीन असो की माणूस, त्याला आणखी एक ऊन द्या.