जोनची चूक

दीक्षा गायकवाड पुण्याहून अकाउंटिंग शिकायला मेलबर्नला आली ती २००८ साली. तेव्हा तिथल्या डँडेनॉन्ग उपनगरात विद्यार्थ्यांना घरं मिळायची मारामार होती. तिच्या घरातही तीन खोल्यांत सहा मुली राहायच्या. त्यातली रुचा पुण्याचीच, कोथरूडची. पहिल्याच आठवड्यात भाजी चिरता चिरता रुचाने विचारलं, "तुमच्या घरी काय करतात गं सगळे?"

वडील बँकेत, आजोबा पोस्टात होते, असं दीक्षाने सांगितलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण ती आपणहून पुढे म्हणाली, "आणि पणजी शाळेत शिकवायची. त्या काळात!"

रुचाला फार कौतुक वाटलं.

दीक्षाची पणजी सोजरबाई पुणे नगरपालिकेत झाडूवाली होती.

खरं काय ते दीक्षाने ऑस्ट्रेलियात एकाच माणसाला सांगितलं होतं, जोनला. जोन अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी. लायब्ररीत एक मंडळ भरायचं. आपापल्या घराण्यांतले कष्टकरी पूर्वज जुन्या कागदांतून शोधून काढणाऱ्या लोकांचं. जोन त्याची सेक्रेटरी होती. तिची नजर अधू झाल्यामुळे दर शनिवारी दीक्षा तिच्या कॉम्प्युटरवर इंग्लंडमधल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, जुनी शिरगणती असं काय काय वाचून दाखवायची. अशाच एका शनिवारी जोनचा पणजोबा थॉमस सापडला. नावापुढे धंदा लिहिला होता: नाइटमन. म्हणजे रात्री घरोघरचा मैला उचलून नेणारा.

"आई तर आम्हाला सांगायची, तो खाटीक होता!" जोन टाळी वाजवून हसली. "आता मी हे सगळ्यांना सांगणार."

तिचा तो आनंद बघून दीक्षाला काय वाटलं कोण जाणे, तिने सोजरबाईची गोष्ट सांगून टाकली. पुढच्या शनिवारी बाबांकडून मागवलेला पणजीच्या नोकरीचा दाखलाही छापून आणला आणि इंग्रजीत वाचून दाखवला. जोनने तो कागद हातात घेऊन शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि मग तो परत दिला.

काही दिवसांनी लायब्ररीत जोनचं भाषण ठरलं. दीक्षाला गाडीने सोडायला आलेली रुचा म्हणाली, "मीही बसते. मजा येईल." नको म्हणायला दीक्षाला कारण सापडेना.

थॉमसची गोष्ट लोकांना आवडली. मग जोन म्हणाली, "आणि ही माझी मैत्रीण दीक्षा. हिची पणजी सोजरबाई पुण्याचे रस्ते झाडायची. दीक्षा, तू सांगतेस?"

शेजारी बसलेल्या रुचाने मान वळवून पाहिलं.

"नाही जोन," ती म्हणाली. "ती माझी पणजी नाही. दुसऱ्या कुणाचं तरी तुझ्या डोक्यात राहिलंय."

जोन थबकली. "पण तू तर मला..." तिने समोरचा भाषणाचा कागद डोळ्यांजवळ नेला, परत खाली ठेवला. "सॉरी, लव्ह. माझाच घोटाळा झाला असेल." पुढचं भाषण तिने कसंबसं उरकलं.

गाडीत रुचा हसली. "बिचारी! वय झालं. झाडूवाली काय म्हणे!"

"हो ना," दीक्षा म्हणाली.

जोनची आई शेवटी शेवटी स्वतःच्या मुलीलाही ओळखत नव्हती. आपलंही तसंच होणार, याची जोनला धास्ती होती आणि दीक्षाला ते ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी दीक्षा तिच्याकडे गेली तेव्हा स्वयंपाकघरातल्या प्रत्येक खणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: चमचे, औषधं, बिलं. जोनने सेक्रेटरीपद सोडलं होतं. मुलगी हेदर तिला मेमरी टेस्टसाठी डॉक्टरांकडे नेणार होती.

"तो कागद मी पाहिला होता, दीक्षा," जोन हळूच म्हणाली. "त्यावर शिक्काही होता. इतकं स्पष्ट आठवतं, आणि ते घडलेलंच नाही!"

दीक्षाने मान खाली घालून एक चिठ्ठी लिहून दिली. 'किल्ल्या' लिहिलं तिच्यावर.

क्लासमध्ये बसली तरी डोळ्यांसमोर त्या चिठ्ठ्या यायच्या. शेवटी बुधवारी ती लेक्चर सोडून उठली आणि दाखला घेऊन जोनच्या दारात उभी राहिली.

"तू काहीच विसरली नाहीस. मी खोटं बोलले. माझ्या रूममेटला मी पणजी शिक्षिका होती असं सांगितलं होतं."

जोनने कागद डोळ्यांजवळ धरला. शिक्क्यावरून पुन्हा बोट फिरवलं.

"पणजीची लाज वाटली, ते मला समजतं," ती म्हणाली. "माझी आई जन्मभर खाटीकच सांगत आली. पण मी चिठ्ठ्या चिकटवत होते, आणि तू बघत होतीस. एक तर तूच लिहून दिलीस."

दीक्षा रडायला लागली. जोनने तिला जवळ घेतलं नाही. "आधी हेदरला फोन कर. आणि मग आज घरी जा."

हेदर फोनवर जे बोलली ते दीक्षाने निमूट ऐकून घेतलं. संध्याकाळी तिने रुचालाही सगळं सांगितलं.

"अगं, आम्ही असलं काही मानत नाही," रुचा घाईघाईने म्हणाली. मग तिला आठवलं. "मी गाडीत हसले होते, ना?"

"हो. आणि मी 'हो ना' म्हणाले होते."

रुचा उगाच ओटा पुसत राहिली.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत दीक्षा कुणी न सांगता उभी राहिली. चूक जोनची नव्हती, माझी होती, सोजरबाई माझीच पणजी, असं सगळ्यांसमोर म्हणाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या तिला नकोशा झाल्या. शेवटच्या रांगेतून जोनने विचारलं, "कुठला रस्ता झाडायची ती?"

दीक्षाला सांगता आलं नाही. दाखल्यावर रस्ता नव्हता. घरी तिने कधी विचारलंच नव्हतं.

त्याच रात्री तिने पुण्याला फोन लावला. सोजरबाईचा मुलगा, म्हणजे तिचे आजोबा रामदास, तिकडच्या वेळेप्रमाणे नुकतेच दुपारची झोप काढून उठले होते.

"आजोबा, तुमची आई कुठला रस्ता झाडायची?"

"का गं? कोणी काही बोललं का तिकडे?"

"नाही आजोबा. मलाच माहीत नव्हतं."

"क्वार्टर गेटपासून पॉवर हाऊसपर्यंत," आजोबा म्हणाले. "पहाटे मला सोबत न्यायची. तुझ्या बापानेसुद्धा हे कधी विचारलं नाही. थांब, खुर्ची ओढून घेतो."