खिळ्याशेजारची एकवीस वर्षं

मित्रांनो, मी कमळाची एक जुनी बी आहे. काळी, हरभऱ्याएवढी आणि दगडासारखी टणक. माझी एकवीस वर्षं खिळा, गोटी आणि शर्टाचं बटण यांच्या शेजारी गेली, कारण शाळेच्या प्रयोगशाळेत मला ‘निर्जीव’ ठरवलं होतं.

मला तळ्यावरून आणलं ते परीक्षानळ्या धुणाऱ्या मावशींनी. त्यांनी मला ‘सजीव’च्या ताटात ठेवलं. सरांनी त्याच दिवशी उचलून पलीकडे ‘निर्जीव’च्या ताटात टाकलं.

“मावशी, इथे शिकवतं कोण?”

“तुम्हीच, सर. मी आपली धुते आणि फळा पुसते.”

तेव्हापासून दरवर्षी पहिल्या तासाला मुलं पिशवीतून एकेक वस्तू काढून दोन ताटांत लावत. कुणी मला ‘सजीव’मध्ये ठेवलं की सर बोटं मोजत. “खाते का? वाढते का? हलते का? श्वास घेते का?” वर्ग खो खो हसायचा. मी मनात म्हणायचे, अहो, मेणबत्तीची ज्योत वाढते, हलते, हवेवाचून विझते. तिचं नाव घालणार का शाळेत? श्वास तर मी घेत होतेच. पण इतका हळू, की माझा मलाच पत्ता लागत नसे.

यंदा प्लॅस्टिकच्या नमुन्यांची नवी पेटी आली. जुनी पिशवी शनिवारी कचऱ्यात जाणार होती. मावशींचाही नोकरीतला तो शेवटचा दिवस. त्याच आठवड्यात सोमवारी त्यांनी मला पिशवीतून बाहेर काढलं.

“सर, हिला शनिवारपर्यंत मुदत द्या.”

“जाता जाता हट्ट! बरं, उगवली तर फळ्यावर लिहीन, मी चुकलो म्हणून.”

“आणि नाही उगवली, तर माझ्या हातानं टाकीन तिला.”

मावशींनी कानस घेतली. “थोडं सोस गं बाई,” म्हणत माझं कवच एका बाजूनं घासलं, आतला पांढुरका गर दिसेपर्यंत. मग खिडकीतल्या चंचुपात्रात, पाण्यात सोडलं.

बुधवारी मी फुगले. सर म्हणाले, “स्पंजही फुगतो, मावशी.” बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. शुक्रवारी मावशींनी डबा न उघडताच घरी नेला.

मित्रांनो, त्या दिवशी मी एकवीस वर्षांची सगळी शिदोरी पणाला लावली. शनिवारी पहिल्या तासाला माझं कवच तडकलं आणि हिरवा कोंब बाहेर आला. तोही थेट खिडकीच्या उजेडाकडे वळलेला!

मुलांनी बाकं बडवली. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘ही बी सजीव आहे. मी चुकलो.’ मग खडू मावशींपुढे धरला.

“पुढचं वर्गीकरण तुम्ही लिहा.”

“मी, सर?”

“मग कोण? एकवीस वर्षं पुसता पुसता वाचलंयत ना सगळं!”

मावशींनी पदराला हात पुसला आणि न अडखळता लिहिलं: सृष्टी: वनस्पती. बीजधारी. सपुष्प.

आता मी अंगणातल्या हौदात राहते. माझी पानं ताटाएवढी झाली आहेत, आणि पहिली कळी पाण्याबाहेर आली आहे. मित्रांनो, गप्प बसलेल्या कुणालाही खिळ्याशेजारी ठेवू नका. आधी पाणी द्या, उजेड द्या आणि शनिवारपर्यंत थांबा.

फळ्यावरचं मावशींचं ते अक्षर अजून तसंच आहे. नव्या मावशींना सरांनी बजावलंय, “तेवढा कोपरा पुसायचा नाही.”