कच्च्या टाक्याची खिडकी

वहिनींच्या कॉम्प्युटरवर एका वेळी नऊ-नऊ चॅट उघडे असत. ऑफिसातले बाकीचे त्यांना विंडो म्हणत, वहिनी सरळ खिडकी म्हणत. काम ऐकायला अगदी सोपं होतं: या खिडकीतला मजकूर उचलायचा आणि त्या खिडकीत टाकायचा. शहरभर लिफ्ट दुरुस्त करत फिरणारे मेकॅनिक आपली अडचण वहिनींना लिहून पाठवत. वहिनी ती थोरल्या इंजिनियरांच्या खिडकीत टाकत आणि थोरल्यांचं उत्तर आलं की ते उचलून त्या मेकॅनिकच्या खिडकीत. मेकॅनिकनी थोरल्यांना परस्पर काही लिहायचं नाही, हा कंपनीचा जुना नियम होता. वीस जण एकदम त्यांच्या मागे लागले तर थोरले एक दिवस कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर फेकतील, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

त्यांना वहिनी म्हणायचं कारण म्हणजे मास्तर. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, ऑफिससमोरच्या गल्लीतले शिंपी. निम्म्या ऑफिसच्या पँटी त्यांच्याच हातच्या, तेव्हा ते सगळ्यांचे मास्तर आणि या आपोआप सगळ्यांच्या वहिनी झाल्या.

तर या वहिनींना एक खोड होती. उचललेला मजकूर त्या थेट पुढे टाकतच नसत. त्यांनी स्वतःच्याच नावाची एक खिडकी उघडून ठेवली होती आणि तिला नाव दिलं होतं ‘कच्चं’. जे काही येईल ते आधी तिथे टाकायचं, सगळं वाचायचं, कुठल्या इमारतीचं, कुणासाठी, ते बघायचं, आणि मगच पुढे. ही खोड मास्तरांकडून आलेली. मास्तर कुठलाही कोट आधी कच्च्या टाक्यांनी जोडत, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघत, मगच मशीनखाली घेत. “कच्चा टाका एका ओढीत निघतो,” ते म्हणत. “पक्का उसवायला बसलं की कापडाचं वाटोळं.”

ऑफिसात यावरून थट्टा ठरलेली. “काय वहिनी, आज स्वतःशी काय बोलणं झालं?”

“समोरची बाई शहाणी आहे रे,” वहिनी मान वर न करता म्हणत. “तुमच्याशी बोलण्यापेक्षा बरं.”

अठरा वर्षं हे असं छान चाललं होतं. मग नवे मॅनेजर आले आणि त्यांनी साखळी आणली.

साखळी म्हणजे चॅटच्या प्रोग्रॅममधली एक सोय. तिने मेकॅनिकच्या खिडक्या थोरल्यांच्या खिडकीला जोडून टाकायच्या. मेकॅनिकने लिहिलेलं आपोआप तिकडे, आणि थोरल्यांचं उत्तर पापणी लवायच्या आत विचारणाऱ्याकडे. मध्ये कुणी बसायची गरज नाही. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त त्याला थांबलेली कुठलीही गोष्ट बघवत नसे. चहासुद्धा तो उभ्या उभ्या पीत असे आणि तोंड भाजून घेत असे.

“वहिनी, तुमच्या टेबलावर प्रत्येक निरोप सरासरी पन्नास सेकंद थांबतो,” तो म्हणाला. “मी मोजलंय. शुक्रवारी आपण एक चाचणी घेऊ. अर्धे मेकॅनिक तुमच्याकडे, अर्धे साखळीवर. नऊ ते पाच. ज्या बाजूची कामं जास्त उरकतील ती पद्धत कायम.”

“आणि मी?”

“तुम्हाला सामावून घेऊ कुठेतरी.”

‘कुठेतरी’ म्हणजे तळघर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे जुन्या फायली होत्या, एक कूलर होता आणि आधी सामावून घेतलेले एक गृहस्थ होते, जे दुपारी दोननंतर कुणाशी बोलत नसत. त्यांना हे टेबल मनापासून आवडत होतं. कुठल्या मेकॅनिकला भीती वाटते आहे आणि कोण उगाच बढाया मारतो आहे, हे त्यांना दोन ओळींत कळत असे. ही हुशारी तळघरात कुणाच्या कामाची?

“मग शुक्रवारी कच्चं बंद ठेव,” घरी धाकटी जाऊ म्हणाली. “एक दिवस मशीनसारखं काम कर, जिंक, आणि सोमवारपासून पुन्हा वाचत बस.”

मास्तर बटण लावत होते. त्यांनी दोरा नेहमीपेक्षा जोरात तोडला.

शुक्रवारी मॅनेजरने वहिनींच्या शेजारचं टेबल घेतलं आणि साखळीचा पडदा समोर लावून हाताची घडी घालून बसला. त्याला करायचं काहीच नव्हतं, आणि तेच तर त्याला दाखवायचं होतं. अकरापर्यंत साखळीची बारा कामं झाली, वहिनींची आठ. जावेचं बोलणं वहिनींच्या कानात घोळायला लागलं. समोर थोरल्यांसाठी एक प्रश्न आला होता. त्यांनी तो उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कच्चं टाळून सरळ थोरल्यांच्या खिडकीत टाकला.

पण त्यांनी उचललं होतं भलतंच. मास्तरांना मापं कागदावर लिहायची सवय आणि कागद हरवायची त्याहून जास्त सवय, म्हणून ते प्रत्येक माप बायकोला चॅटवर पाठवून ठेवत. थोरल्यांच्या खिडकीत जाऊन पडलं ते हे: “छाती बेचाळीस, कंबर अडतीस, पोटाशी सैल ठेवा, जेवणानंतर फुगतं.”

थोरल्यांचं उत्तर लगेच आलं. “ही कुठल्या कंपनीची लिफ्ट?”

उभ्याने चहा पिणाऱ्या मॅनेजरने शेजारून वाचलं आणि तो इतका हसला की त्याचा चहा टेबलभर झाला. पाच मिनिटांत ऑफिसभर बातमी फिरली. वहिनींचे कान लाल झाले. त्यांनी थोरल्यांची माफी मागितली, डोळ्यांतलं पाणी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं आणि मनाशी ठरवलं: हरायचं तर हरू, पण वाचून हरू. कच्चं पुन्हा उघडलं. दोन वाजता साखळी बावीस, वहिनी पंधरा.

तीनच्या सुमाराला एकाच सोसायटीतून दोन कामं आली. दोन शेजारशेजारच्या इमारती, दोन्हींत एकाच बनावटीच्या लिफ्ट. पहिल्या इमारतीतली लिफ्ट रिकामी होती, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली. तिथला मेकॅनिक वहिनींच्या वाट्याचा होता, दाढीवाला. दुसऱ्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये एक गाणं शिकवणाऱ्या बाई अडकल्या होत्या. तिथली जोडी साखळीवर होती: एक जण खाली, दोन्ही हातांनी दार उघडून बाईंना बाहेर घ्यायच्या खटपटीत, आणि दुसरा, ज्याला सगळे लंबू म्हणत, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ब्रेकच्या दांड्यापाशी, जो ओढला की ब्रेक सुटतो आणि लिफ्ट सरकते. वरच्या माणसाला खालचं काही दिसत नाही. फोनवर जो मजकूर येईल तेच त्याचे डोळे.

दाढीवाल्यानेही आणि लंबूनेही थोरल्यांना विचारलं, आता काय करू? थोरल्यांच्या पडद्यावर दोन खिडक्या होत्या, एक वहिनींची आणि एक साखळीची, आणि दोन्हींत त्या क्षणी त्याच सोसायटीचं नाव होतं. त्यांनी दोन उत्तरं लिहिली आणि एकेक उचलून खिडकीत सोडलं.

वहिनींकडे आलं ते त्यांनी कच्च्यात टाकलं. “ब्रेक तसाच राहू द्या. दार हाताने उघडा आणि बाईंना सावकाश बाहेर घ्या.”

कुठल्या बाई? दाढीवाल्याची लिफ्ट तर रिकामी होती.

वहिनींनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. दाढीवाल्याचं उत्तर इथे आलंच नव्हतं. म्हणजे ते गेलं होतं साखळीत. आणि रिकाम्या लिफ्टचं उत्तर काय असतं, हे अठरा वर्षं निरोप वाचणाऱ्या बाईला पाठ होतं.

त्यांनी मान वळवली. मॅनेजरच्या पडद्यावर ते होतंच, पुढे पोचलंसुद्धा होतं: “ब्रेक सोडा. केबिन एक मजला सरकू द्या.” खाली लंबूचं उत्तर: “बरं. सोडतो.”

“उठा!” वहिनी ओरडल्या.

“काय झालं? साखळी व्यवस्थित...”

“उठा म्हणते ना! त्या बाई आत्ता दारातून बाहेर पडत असतील आणि तो वरून ब्रेक सोडतोय!”

मॅनेजर तडक उठला. यासाठी त्याला मार्क दिलेच पाहिजेत, कारण एखादा दुसरा ‘म्हणजे नेमकं काय’ असं विचारत बसला असता. वहिनींनी उभ्या उभ्याच त्याच्या कीबोर्डवर दोन शब्द टाइप केले.

“हात वर.”

हे दोन शब्द वहिनींचे होते. फार वर्षांपूर्वी एका मेकॅनिकची बोटं चिरडली होती, तेव्हापासून त्यांनी सगळ्यांना घोटून घोटून शिकवलं होतं: हे दिसलं की हातात असेल ते सोडायचं, काहीही विचारायचं नाही, आणि हेच दोन शब्द परत लिहून पाठवायचे. लंबूला ते शिकवताना त्यांनी त्याच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं होतं आणि तो दहाही वेळा हसला होता.

पडदा हलेना. मॅनेजर शेजारी उभा होता आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी दाबत होता.

मग आलं. “हात वर.” आणि मागोमाग: “दांड्यावर हात होता वहिनी. ओढणारच होतो. तुम्ही इथे कशा?”

वहिनी खुर्चीत बसल्या, बोटं चालूच होती. त्यांनी आपल्या पडद्यावरच्या कच्च्यातलं उत्तर उचललं, साखळीच्या खिडकीत टाकलं, आणि मग साखळीत चुकून गेलेलं दुसरं उत्तर दाढीवाल्याला पाठवलं. अकरा मिनिटांनी खालच्या मेकॅनिकने लिहिलं की बाई बाहेर आल्या, पाणी प्यायल्या, आणि त्या दारातून निम्म्या बाहेर होत्या तेव्हाच वरून ‘थांबलोय’ अशी लंबूची हाक ऐकू आली होती. ऑफिसने टाळ्या वाजवल्या. नेहमी थट्टा करणारा डोळे पुसत म्हणाला, “समोरची बाई खरंच शहाणी आहे हो वहिनी.” वहिनी हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम, आणि यावेळी चष्म्याचं निमित्त केलं नाही.

पाच वाजले. साखळी एकतीस, वहिनी चोवीस. आकडे फळ्यावर स्वच्छ लिहिलेले होते आणि त्यांत वहिनी हरल्या होत्या. मॅनेजरने ते वहीत उतरवून घेतले. मग आपल्या जागेवर गेला आणि आल्यापासून पहिल्यांदा, बसून चहा प्यायला.

सव्वापाचला वहिनींच्या पडद्यावर त्याची खिडकी चमकली. मुख्य ऑफिसला पाठवायचा अहवाल होता, आणि वर एक ओळ: “वहिनी, हा तुमच्या कच्च्यात टाका. वाचा. बरोबर असेल तरच पुढे पाठवा.”

वहिनींनी तो कच्च्यात टाकला. चाचणीत साखळीची कामं जास्त झाली, असं पहिल्याच ओळीत सरळ लिहिलेलं होतं. पुढे होतं की साखळी आजपासून बंद. मधलं टेबल कायम राहील, त्याच्या शेजारी आणखी दोन टेबलं लागतील, आणि तिथे बसणाऱ्यांना शिकवायचं काम वहिनींचं. निरोप पन्नास सेकंद थांबतो तो का थांबतो, हे मला आज कळलं, असंही होतं. वहिनींनी सगळं दोनदा वाचलं. एका ठिकाणी “माझ्या लक्षात आल्यामुळे” असं होतं, ते बदलून त्यांनी “वहिनींच्या लक्षात आल्यामुळे” केलं आणि मॅनेजरकडे बघितलं. त्याने आपल्या पडद्यावर वाचलं, कान खाजवला आणि मान हलवली. वहिनींनी अहवाल पुढे पाठवला.

त्या पर्स उचलणार तोच थोरल्यांची खिडकी उघडली. थोरले कधी कामाशिवाय एक अक्षर लिहीत नसत.

“आज माझा हात चुकला. तुमचे उपकार आहेत,” त्यांनी लिहिलं होतं, आणि खाली: “छाती चव्वेचाळीस, कंबर चाळीस. पोटाशी सैल ठेवा. मास्तरांना सांगा, कोट त्यांच्याकडूनच शिवून घ्यायचा आहे.”

वहिनींनी ते उचललं, आधी कच्च्यात टाकलं, नीट वाचलं, आणि मग मास्तरांना पाठवलं.