नालबंदाचा चेंडू

जेबेझ टॉमलिनला घोड्याची भीती कधी वाटली नव्हती. डर्बीजवळच्या त्याच्या गावात एखादी लाथाळ घोडी नाल मारू देईना की लोक म्हणत, टॉमलिनकडे न्या. पण त्या जूनमध्ये एका गरीब तट्टाचा खूर मांडीवर घेऊन बसला असताना काउंटीच्या क्रिकेट क्लबचं पत्र आलं, आणि त्याची पकड अशी सुटली की तट्टूच बिथरलं.

सोमवारी केंटशी सामना होता.

गेल्या साली याच सामन्यात जेबेझचा एक चेंडू अचानक उसळून ल्यूक पेनफोल्डच्या कानशिलावर बसला होता. ल्यूक मेडस्टनचा पाववाला. पडला, उठला, हसला, घोटभर पाणी पिऊन पुन्हा खेळायला उभा राहिला. चौथ्या दिवशी गेला. चौकशीत जेबेझला कुणी दोष दिला नाही. पण चेंडू कानशिलावर आदळल्याचा तो आवाज त्याच्या कानातून जाईना. ऐरणीवर पहिला घाव पडला की छातीत धस्स व्हायचं.

"हात दुखावलाय म्हणून कळव ना," बायको केझाया म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. चार दिवस तुझ्या पोटात धड घास गेलेला नाही."

तरी तो गेला.

केंटचे दोन गडी बाद झाले, आणि दंडाला काळी फीत बांधलेला एक माणूस तंबूतून बाहेर आला. ल्यूकचेच रुंद खांदे, त्याचीच झुलती चाल.

"हा कोण रे?" जेबेझनं शेजारच्या खेळाडूला विचारलं.

"नोआ पेनफोल्ड. ल्यूकचा धाकटा भाऊ. सुतारकाम करतो."

कप्तान हॅडफील्डसाहेबांनी चेंडू जेबेझच्या हातात दिला. "जोरात टाक, टॉमलिन. आज मस्त उसळतोय."

"साहेब, दुसऱ्या कुणाला..."

"तुलाच टाकायचाय."

जेबेझनं पहिला चेंडू हळू टाकला. नोआनं तो थेट दोरीबाहेर धाडला. दुसराही तसाच. कडेला बसलेले लोक ओरडायला लागले, "ए नालबंद, चेंडू टाकतोयस की घोड्याला गवत घालतोयस?"

तिसरा चेंडू नोआनं सोडून दिला आणि बॅट घेऊन सरळ जेबेझकडे चालत आला. हा आता डोक्यात बॅट घालणार, असं वाटून जेबेझ दोन पावलं मागे सरला.

"घाबरलायस?" नोआनं हळूच विचारलं.

"हो."

"मीही." नोआनं ओठांवरून जीभ फिरवली. "पण आईला सांगून आलोय, आपला ल्यूक ज्या चेंडूनं गेला तो खेळून दाखवतो म्हणून. तू हे असले टाकत राहिलास तर लोक म्हणतील, एवढ्याशा चेंडूनं मेला होय! टाक नीट."

जेबेझ परत फिरला. धावू लागला तेव्हा पायांखाली जमीन आहे की नाही हेही त्याला कळत नव्हतं. चेंडू हातातून सुटला, टप्पा पडला आणि सरळ तोंडावर उठला. नोआची टोपी उडाली.

जेबेझ मटकन गुडघ्यांवर बसला.

नोआनं वाकून टोपी उचलली, झटकली. चेहरा पांढराफटक पडला होता. "हां, असा," तो म्हणाला आणि पुन्हा बॅट टेकवून उभा राहिला.

त्यानं त्या दिवशी तेवीस धावा केल्या. चार चेंडू अंगावर घेतले, पण मागे हटला नाही. शेवटी जेबेझनंच त्याची दांडी उडवली. जाता जाता नोआनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच.

जेबेझ पुढे सहा वर्षं खेळला. भीती गेली, असं मात्र झालं नाही. दर सामन्याआधी तो तंबूमागे जाऊन ओकायचा. सोबत्यांना वाटायचं, बिअर जास्त झाली. तो तोंड पुसायचा आणि गोलंदाजीला यायचा.