जाणीव: पूर्ण

प्राध्यापकाच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे तीन शब्द वदवून घेणं महाकठीण. सर्वेक्षण करण्याआधी मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मीही त्याच माळेतला मणी.

सरांची मान गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. त्यांनी मला एम.ए.ला शिकवलं. आज त्याच विभागात मी कायम आहे आणि ते कंत्राटी. एकोणीस वर्षं त्यांना दर वर्षी नवं नेमणूकपत्र मिळतं आणि दर वर्षी पेढे न वाटता ते पत्र खिशात घालतात. कंत्राटी लोकांच्या खोलीत सहा माणसं, चार खुर्च्या आणि ठेंगण्या टेबलावरचा एक संगणक. पडदा जरा वर यावा म्हणून सरांनी त्याच्याखाली जुन्या उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे सरकवले होते. कुणीतरी फेरतपासणीला अर्ज केला, परीक्षा विभागाचा शिपाई गठ्ठे घेऊन गेला आणि सरांची मान परत खाली गेली. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. वर्गात हातातला खडू गळून पडायचा.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि पुढे दोन महिने विश्रांती. दुखणं कामामुळे झालं असं कार्यालयाने मानलं, तरच कंत्राटी माणसाला पगारी रजा. नाहीतर बिनपगारी, आणि तीस दिवसांच्या वर बिनपगारी राहिलं की कंत्राट आपोआप रद्द. सरांनी रजेचा अर्ज केला, आम्ही खुर्च्यांची मागणी केली. कार्यालय म्हणालं, पुरावा आणा.

पुरावा म्हणजे आमच्याकडे सर्वेक्षण. ते मी अंगावर घेतलं. खोटं कशाला बोलू, बढतीसाठी मला एक शोधनिबंध कमीही पडत होता. 'अध्यापकांची शरीरस्थितीविषयक जाणीव व तिच्यावर परिणाम करणारे घटक' असं भारदस्त नाव दिलं आणि दोनशे बारा जणांना फॉर्म वाटले. नाव लिहायचं नव्हतं. फक्त पद, विभाग आणि नोकरीची वर्षं.

सातवा प्रश्न होता: 'बसण्याच्या योग्य पद्धतीची तुम्हाला कितपत जाणीव आहे? पूर्ण, थोडीफार, नाही.' लोकांनी कागदाला नाक टेकेल इतकं वाकून 'पूर्ण'वर खूण केली. आमचे विभागप्रमुख तर खुर्चीत जवळजवळ आडवे झाले होते आणि पेन पोटावर ठेवून विचार करत होते. त्यांनीही 'पूर्ण'. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि निबंधात एक ओळही लिहिली नाही. डोळ्यांनी पाहिलेलं कोष्टकात बसत नाही.

निष्कर्ष निघाला: चौऱ्याण्णव टक्के अध्यापकांना पूर्ण जाणीव. पदाचा परिणाम नाही, वयाचा नाही, नोकरीच्या वर्षांचाही नाही. खरा घटक एकच होता, अहंकार, आणि तो मी विचारलाच नव्हता.

कुलसचिव खूश झाले. "सगळ्यांना सगळं माहितीये म्हणजे. मग दोष खुर्चीचा नाही, बसणाऱ्याचा," ते म्हणाले. खुर्च्यांऐवजी ताठ बसलेल्या माणसाची चित्रं छापून आली. वर त्यांनी मूळ फॉर्म मागवले, पडताळणीसाठी. मी गठ्ठा बांधून पाठवून दिला. नावं कुठे होती त्यात, असं मनाशी म्हटलं.

पण एकोणीस वर्षं कंत्राटी असलेला माणूस अख्ख्या विद्यापीठात एकच आहे.

पुढच्या सोमवारी सर माझ्या खोलीत आले आणि त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. 'योग्य पद्धतीची पूर्ण जाणीव असल्याचे अर्जदाराने सर्वेक्षणात स्वतःच नमूद केले आहे. सबब दुखणे कामामुळे उद्भवले असे मानता येत नाही. रजेचा अर्ज नामंजूर.'

"सर, तुम्ही 'पूर्ण' का लिहिलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"अगं, एवढी वर्षं शिकवतोय. माहीत नाही असं कसं लिहू?" ते म्हणाले. "आणि तूच म्हणालीस ना, कुणाला कळणार नाही म्हणून."

त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

"एक काम कर," ते म्हणाले. "दोन ओळी लिहून दे मला. फॉर्म गुप्त होते, ते असे वापरता येत नाहीत, एवढंच. तुझी सही असली की त्यांना परत विचार करावा लागेल."

गुरुवारी माझी बढतीची मुलाखत होती आणि समितीवर कुलसचिव होते. हे सरांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी मागितलं, यावरून त्यांना किती गरज होती ते मला कळत होतं.

"बघते सर," मी म्हणाले.

विद्यापीठात 'बघते' म्हणजे काय, हे एकोणीस वर्षांत ते चांगलंच शिकले होते. पत्राची घडी त्यांना उजव्या हाताने घालता येईना. मी घालून दिली. "तुझा वेळ घेतला," असं म्हणून ते गेले. त्या दोन ओळी मी रात्री मनात दहा वेळा लिहिल्या. कागदावर एकदाही नाही.

गुरुवारी मुलाखत छान झाली. निबंधाचं कौतुक झालं. शेवटी कुलसचिवांनी हसत विचारलं, "माहिती देणाऱ्यांची गुप्तता वगैरे पाळलीत ना मॅडम?"

मी हो म्हणाले.

सरांनी ऑपरेशन रद्द केलं होतं. त्या वेळी ते खालच्या मजल्यावर माझाच तास घेत होते.